डोंगर की डोह

"आता शलाका सांगेल," तांबोळी बाई म्हणाल्या आणि पुस्तक उघडंच धरून थांबल्या. कादंबरीतली मुलगी खडकावर उभी होती, मागून शिकारी धावत येत होते. तिने डोंगर चढायचं ठरवलं तर एक पान उघडायचं, डोहात उडी मारायचं ठरवलं तर दुसरं. ठरवायचं होतं वाचणाऱ्यांनी.

नाव घेतल्यावर बाईंना वाटलं, आपण चुकलो. शलाका बोलताना अडखळायची. नववीचा वर्ग तिला हसत नसे. पण तिचं वाक्य कुणीतरी पटकन पुरं करून टाकायचं आणि ती गुमान खाली बसायची.

शलाका उठली. "डो... डो..."

शेजारच्या सुमेधने सवयीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. डोंगर की डोह, त्याला कुठे ठाऊक होतं? कुणालाच नव्हतं. मागच्या बाकावरची मुलं ऐकायला उभी राहिली. सगळा वर्ग श्वास रोखून शलाकाच्या तोंडाकडे बघत होता. तिला सावरायला पुढे केलेला हात बाईंनी हळूच मागे घेतला. इतक्या वर्षांत अशी शांतता त्यांनी कुठल्याच वर्गात अनुभवली नव्हती.

शलाकाने घाई केली नाही.

"डो... डोहात," ती म्हणाली. "उडी मारायची. मला पो... पो..."

आता पुढचा शब्द सगळ्यांना कळला होता. तरीही कुणी बोललं नाही.

"पोहता येतं," शलाका म्हणाली.