दाट केसांचा दिगू

"केसरोपण तुमच्यासाठी नाही," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "मागचे केसही विरळ झालेत. ते काढून पुढे लावले तरी टिकणार नाहीत."

"मला हौस नाही हो," दिगंबर म्हणाला. "आईनं मला ओळखायला हवं."

आईला विसर पडू लागला, तेव्हा तिच्या मेंदूत स्मृतिपट्टी बसवली होती. दिगंबरचा तेव्हाचा, दाट केसांचा चेहरा तिच्यात कायमचा भरला गेला. पुढे पट्टी बनवणारी कंपनी बंद पडली आणि नवा चेहरा भरायची सोयच उरली नाही. त्यानं टोप घालून पाहिला, पण पट्टीला खोटे केस लगेच कळायचे.

तो घरी आला. आईनं दार अर्धंच उघडलं.

"कोण हवंय?"

"आई, मी दिगू."

तिनं त्याच्या टकलाकडे पाहिलं. "म्हातारीची थट्टा करता होय? दिगू अजून कामावरून यायचाय."

तो पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळानं तिनंच त्याला पाणी आणून दिलं.

"त्याच्या ऑफिसातले का तुम्ही? त्याला सांगा, आई जेवायची थांबलीय."

दिगंबरनं पाणी संपवलं.

"सांगतो, काकू," तो म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या."