डमी अर्ज

पाच वेळा आमदारकी भोगलेल्या रंगनाथरावांना असं बाकावर ताटकळायची सवय नव्हती. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, तीनला मुदत संपणार, आणि पक्षाच्या एबी फॉर्मचा पत्ता नाही! तो फॉर्म ज्याच्या नावाचा, तोच पक्षाचा उमेदवार.

शेजारी धाकटा भाऊ भानुदास नेहमीसारखा गप्प बसला होता. दर निवडणुकीला रंगनाथराव, म्हणजे त्याचे अण्णा, त्याला आपल्यामागून डमी अर्ज भरायला लावायचे. "असू दे तुझा. माझा बाद झालाच तर कामाला येईल." छाननी पार पडली, की भानुदासचा अर्ज रद्दीत आणि भानुदास पुन्हा जीपच्या मागच्या सीटवर. आजही त्यांनीच त्याला शेतातून बोलावून घेतलं होतं. बोडक्या डोक्यानं बरं दिसत नाही, म्हणून स्वतःची टोपीही दिली होती.

पावणेतीनला पक्षाचा निरीक्षक धापा टाकत तहसील कचेरीत शिरला. रंगनाथरावांनी हात पुढे केला. निरीक्षकाने नजर चुकवत लिफाफा भानुदासच्या हाती दिला.

"सर्व्हे तुमच्या विरोधात गेला, साहेब. वरूनच ठरलं. पण तिकीट घरातच राहिलं ना!"

रंगनाथराव भावाकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"दोन महिने झाले."

भानुदास उठला आणि टोपी सावरत भावाच्या पाया पडला. दारातल्या पत्रकारांनी पटापट फोटो काढले.

"अण्णा, तुमचाही अर्ज असू द्या," तो मायेनं म्हणाला. "माझा बाद झालाच तर कामाला येईल."