पंख्याचा आवाज

“चालू केला की पंखा घरघरतो, चटका बसेल इतका तापतो आणि फट्कन बंद पडतो,” काकांनी एका दमात सांगितलं आणि लॅपटॉप दुरुस्तीवाल्याच्या पुढ्यात ठेवला.

“काय चालवता याच्यावर? गेम?” दुरुस्तीवाल्याने विचारलं. हात सोन्याचा, पण तोंड फटकळ.

“काही नाही. नुसता चालू असतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.”

“नुसता! अहो काका, रिकामं पातेलं दिवसभर गॅसवर ठेवलं तर काळं पडणारच की!”

दुरुस्तीवाल्याने बारा स्क्रू काढून मागचं झाकण उचललं आणि तो चिमट्याने पंख्याच्या पात्यांतून काहीतरी ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय, संपतच नाही. शेवटी टेबलावरच्या कागदावर हिरव्या लोकरीचा लिंबाएवढा गोळा जमला.

“स्वेटर घातला होतात की काय याला?” तो खो खो हसला.

“हो,” काका म्हणाले. त्यांनी पिशवीतून विणलेलं हिरवं कव्हर काढलं. चांगलं चार बटणांचं. “आमच्या हिने विणलंय. मुलाच्या लॅपटॉपवर धूळ बसू नये म्हणून. चालू असला तरी अंगावर घालूनच ठेवते.”

“धन्य आहे काकूंची! मुलगा काही बोलत नाही?”

“हसायचा. तो गेला. सात महिने झाले.”

दुरुस्तीवाल्याला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. मग त्याने मान वर केलीच नाही. पाती ब्रशने पुसली, चिप गार ठेवणारी सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली, स्क्रू घट्ट केले, बटण दाबलं. दहा मिनिटं थांबून खाली हात लावून पाहिला. गार. निदान एवढं तरी आपल्या हातून नीट झालं, असं त्याला वाटलं.

“बघा काका, आता चालू आहे हे कळतसुद्धा नाही. फक्त चालू असताना ते कव्हर घालू देऊ नका.”

काका वाकले, लॅपटॉपला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले.

“आवाज?”

“गेला ना!”

काका खुर्चीत बसले. “पोरगा घरूनच काम करायचा हो. दिवसभर दार लोटलेलं. हा पंखा ऐकू आला की समजायचं, साहेब कामात आहेत, हाक मारायची नाही. आता ही रोज सकाळी चालू करते, दार लोटून घेते आणि मग स्वयंपाकाला लागते. आवाज असला की जेवते, बोलते, माझ्यावर डाफरतेसुद्धा. चार दिवस हा सारखा बंद पडतोय, तर चार दिवस तिच्या पोटात धड अन्न नाही. खुळेपणा आहे, कळतं मला. पण आता घरी जाऊन काय सांगू तिला? दुरुस्त झाला म्हणून?”

दुरुस्तीवाल्याने हात पुसले. लोकरीचा कागद चुरगळून टोपलीत टाकणार होता, तो त्याने परत टेबलावर पसरला. पंधरा वर्षांच्या धंद्यात त्याने चांगलं मशीन मुद्दाम कधी बिघडवलं नव्हतं.

त्याने चिमट्यात थोडी लोकर धरली आणि लॅपटॉपच्या मागच्या जाळीत हलकेच दाबली. दोघं वाट बघत बसले. जरा वेळाने, हवा अडल्यावर, पंखा अगदी बारीक कुरकुरला.

“एवढा?” त्याने विचारलं.

काकांनी डोळे मिटले. “थोडा जास्त.”

त्याने आणखी लोकर दाबली. पुन्हा थांबले.

“आता?”

“अजून किंचित.”

तिसरी चिमूट बसली. दुरुस्तीवाल्याने खाली तळहात धरला. लॅपटॉप कोमट होता, बंद पडण्याइतका तापत नव्हता. पंखा एका सुरात घुमायला लागला.

“बरोबर आहे का, काका?”

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ते डोळे न उघडता म्हणाले. “कामात आहे.”