सातवं कार्ड

"काही नाही," मुलगी म्हणाली.

ताईंनी फोटो टेबलावर तिच्या आणखी जवळ सरकवला. फोटोत तिची आईच होती. ओठ खाली वळलेले, डोळे भरलेले.

"नीट बघ. हिला काय वाटतंय?"

"काही नाही."

दर शनिवारी या खोलीत ताई मुलांना चेहरे वाचायला शिकवत आणि आईवडिलांना मुलं वाचायला. गेल्या शनिवारी ताईंनी गृहपाठ दिला तोही आईवडिलांनाच. छापील चित्रं पुरे झाली, आता घरातल्या माणसांचे फोटो काढून आणा. सहा भावना, सहा फोटो. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करत. त्यांच्या आनंदाच्या आणि रागाच्या फोटोत फरक एवढाच होता, की रागाच्या फोटोत त्यांनी चष्मा काढला होता. ताईंनी दोन्ही फोटो हसत हसत बाद केले आणि सहाही आईचेच ठेवले.

पाच फोटो मुलीनं झटपट ओळखले होते. हा सहावा ओळखला, की पुढच्या महिन्यापासून शाळेच्या तयारीच्या गटात बसायला मिळणार होतं. त्यासाठी आईनं महिनाभर जिवाचं रान केलं होतं, आणि आता घोडं अडलं होतं ते तिच्याच चेहऱ्यापाशी.

"घरी बरोबर सांगते हो, ताई. चित्र दाखवून बघा ना," आई म्हणाली.

ताईंनी छापील चित्र दाखवलं. गोल चेहरा, गालावर टपोरा थेंब.

"दुःख," मुलगी लगेच म्हणाली.

ताईंनी पुन्हा फोटो दाखवला.

"काही नाही."

"अगं, सकाळी तर धडाधड म्हणत होतीस!" आईचा आवाज चढला. ताईंनी हातानंच तिला थांबवलं.

"हा चेहरा तू कधी बघतेस?"

"आजीचा फोन ठेवल्यावर." मुलगी फोटोकडेच बघत होती. मग तिनं सगळंच म्हणून दाखवलं, कविता म्हणावी तसं. आधी बाबांच्या जाड आवाजात, "अगं, काय झालं?" मग आईच्या आवाजात, शेवटी नाक ओढून, "काही नाही." मग पुन्हा बाबांच्या आवाजात, "बरं."

"आणि मग?"

"मग बाबा टीव्ही लावतो."

नक्कल झकास होती. एरवी तिघं पोट धरून हसली असती. आज बाबांचे कान लाल झाले. कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की हाच माणूस बंद दाराशी उभा राहून आतल्यांशी तासभर बोलत राहतो, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करतो, घाबरू नका, मी इथंच आहे म्हणतो. घरी मात्र त्याचं काम एका 'बरं'मध्ये उरकत होतं.

"तिचं काही चुकलेलं नाही," ताई म्हणाल्या. "या चेहऱ्याचं नाव ती तुमच्याकडूनच शिकलीय." त्यांनी समोरच्या कागदावर सहाव्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि पेन खाली ठेवलं. "आता खरं नाव तुम्ही तिला सांगा. चित्रातलं नको. तुमचं."

आईला 'दुःख' म्हणून सुटता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण लेक तिच्या ओठांकडेच बघत होती, चेंडू झेलायला उभी असल्यासारखी. तिच्याशी खोटं बोलणं आईच्या जिवावर आलं.

"मला एकटं वाटतं," ती म्हणाली.

म्हटलं आणि तिची तीच दचकली. नवऱ्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही. कितीतरी दिवसांचं साचलेलं होतं ते, तिला रडू आवरेना.

मुलीनं आईच्या फोटोंची सहाही कार्डं टेबलावर मांडली. एकेकावर बोट ठेवून पाहिलं, उलटी करून मागेही पाहिलं.

"एकटं नाहीये यात," तिनं ताईंकडे तक्रार केली. "एक कार्ड कमी आहे."

"मग बनवायला लागेल."

मुलीनं लगेच बाबांच्या खिशातून मोबाइल काढून घेतला आणि दोन्ही हातांनी आईच्या तोंडासमोर धरला.

"अगं नको, असल्या अवतारात!" आई डोळे पुसायला लागली.

"पुसू नको. चेहरा बदलतो."

बाबा उठले. खुर्ची लहान मुलांची, तीही त्यांच्याबरोबर उठली. ती त्यांनी कशीबशी सोडवली आणि आईच्या खुर्चीला लावून तिच्यातच पुन्हा बसले. दोनदा घसा खाकरून झाला.

"फोनवर आजी नेमकं काय म्हणतात गं?" त्यांनी हळूच विचारलं. "सगळं सांग. मला घाई नाही."

आईनं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

मुलगी मोबाइल घेऊन एक पाऊल मागे गेली, मग डावीकडे झाली, मग उजवीकडे. शेवटी वैतागली.

"बाबा, तू सरक," ती म्हणाली. "तू आलास की कार्ड चुकतं."