कुटाचं भांडं

"आज नवीन काय दिलं?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं. माझ्या सुनेनं, मुक्तानं, फोन स्पीकरवर टाकला होता. तिच्या कडेवर सात महिन्यांची रेवा होती. रेवाच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले होते आणि वरचा ओठ सुजत चालला होता.

"नवीन काहीच नाही हो. लाल भोपळाच, उकडून वाटलेला. आज तिसरा दिवस."

भोपळा मी वाटला होता. मिक्सरच्या त्याच छोट्या भांड्यात सकाळी शेंगदाण्याचा कूट केला होता. आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही आणि कुटाचं भांडं कोणी घासत नाही, नुसतं विसळतात.

फ्रिजवर पाळणाघराचा अर्धा भरलेला फॉर्म लटकत होता. सोमवारी मुक्ता कामावर रुजू होणार होती. रेवाला माझ्याकडे ठेव, म्हणून मी दोन महिने तिच्या मागे लागले होते. कालच कुठे ती हो म्हणाली होती.

"शेंगदाणे," मी म्हणाले. "डॉक्टर, भांड्याला कूट होता. चूक माझी."

"लगेच घेऊन या."

औषधानं तासाभरात ओठाची सूज उतरली. घरी आल्यावर मुक्तानं खोक्यातून मिक्सरचं कोरं भांडं काढलं, त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे फक्त रेवाचं. आणि आई, सोमवारी मी सारखे फोन करणार नाही. काही झालं तर तुम्ही सांगालच."