ठराव एकमताने मंजूर

“तो शब्द मला सभागृहात मोठ्याने उच्चारावा लागेल,” वकीलबाई म्हणाल्या. “नुसतं ‘आक्षेपार्ह विधान’ म्हटलं, तर सगळे माना डोलावतील आणि चहाला जातील.”

समोर सिस्टर बसली होती. रुग्णालयातली सकाळची पाळी संपवून गणवेशावर स्वेटर चढवून ती तशीच आली होती. शेजारी तिचा दीर, उजव्या डोळ्यावर पट्टी.

वकीलबाई या भागातून निवडून आल्या होत्या. हे कुटुंब परदेशातून आलेलं. त्यांच्या नागरिकत्वाचे कागद वकीलबाईंनीच पूर्वी करून दिले होते.

दीर बस चालवायचा. महिन्यापूर्वी एका सदस्याने, ज्याला सगळे तोफ म्हणत, सभागृहात भाषण ठोकलं होतं. “हे बाहेरून आलेले लोक म्हणजे वाळवी. वाळवीला कोणी विनंती करत नाही. औषध मारतात.”

तिसऱ्या दिवशी डेपोत तिघांनी दिराला धरलं आणि फवारणीचा पंप त्याच्या तोंडावर रिकामा केला. सिस्टर तेव्हा कामावरच होती. त्याचे डोळे तिनेच तासभर धुतले. डावा वाचला.

“वहिनी, सोडून दे,” दीर म्हणाला. “तोफेकडे बघायला एक डोळा पुरतो.”

“तू गप्प बस.” सिस्टरचा आवाज चढला नाही. “वीस वर्षं इथल्या म्हाताऱ्यांना मी उचलून बसवते. इथली पोरं पहिल्यांदा माझ्या हातात रडली. त्या तिघांपैकी एखादं असेल त्यात. मी सोडणार नाही.”

“काय हवंय तुम्हाला?” वकीलबाईंनी विचारलं.

“दोन गोष्टी. त्याला तिथून बाहेर काढा. आणि त्याचं भाषण तुमच्या त्या जाड पुस्तकातून काढा. तिथे बोललेलं सगळं छापून ठेवतात ना? माझी पुतणी उद्या शिकेल, ग्रंथालयात जाईल. आपल्या बापाला वाळवी म्हटलेलं तिने सरकारी पुस्तकात वाचायचं?”

वकीलबाईंनी तिथेच ठराव लिहून काढला. सभागृह या उद्गारांचा निषेध करते आणि ते उच्चारणाऱ्या सदस्याला एक वर्ष सभागृहाबाहेर ठेवते.

“नाव नाही लिहिलं?” दिराने विचारलं.

“ठरावात सदस्याचं नाव घालायचा रिवाज नाही. शिस्तपालन समिती नाव ठरवते. आणि इथे ठरवायचंय काय? कोण ते शेंबडं पोरही सांगेल.”

ठरावाच्या दिवशी दोघं गॅलरीत पहिल्या रांगेत बसले. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उच्चारलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी बोट गॅलरीकडे होतं. “हा माणूस तुमची मुलं शाळेत पोचवायचा. बघा त्याच्याकडे. मान खाली घालू नका.”

बऱ्याच जणांनी घातली.

मग तोफ उठला. आरडाओरडा होणार म्हणून सिस्टरने बाकाची कड घट्ट धरली. पण तो हळू बोलला.

“माझी जीभ घसरली. त्या ताईंची इच्छा माझ्या कानावर आली आहे. ती रास्त आहे. माझं ते भाषण कामकाजातून समूळ काढून टाकावं, अशी मीच विनंती करतो. आणि ठरावाला माझा पाठिंबा आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी भाषण वगळण्याचा आदेश दिला. मग त्यांनी वकीलबाईंकडे पाहिलं. “आपण आत्ता ते वाक्य उद्धृत केलंत. तेही वगळायचं?”

वकीलबाई अजून रागाने लाल होत्या. “माझ्या भाषणातला काना-मात्राही हलवू नका. कोणीतरी तोंडावर सुनावलं होतं, एवढं तरी राहू दे.”

“ठीक,” अध्यक्ष म्हणाले.

ठराव एकमताने मंजूर झाला. बाकं वाजली, टाळ्या पडल्या. तोफही वाजवत होता. सिस्टर रडत होती आणि रडू आल्याचा तिला राग येत होता.

“या टाळ्या कोणासाठी गं, वहिनी?” दीर म्हणाला.

“तुझ्यासाठी.”

“मग मला का तसं वाटत नाहीये?”

तिने त्याचा हात दाबला.

तीन आठवड्यांनी शिस्तपालन समितीची बैठक भरली. वकीलबाईंनी दोघांना सोबत नेलं. निकाल तुमच्या कानांनी ऐका, म्हणाल्या. तोफ समोरच्या खुर्चीत आधीच येऊन बसला होता, पायावर पाय टाकून.

समितीचे सचिव सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सिस्टरला पाणी विचारलं, दिराला उजेड डोळ्यावर येतो का विचारलं आणि पडदा ओढून घेतला. मग चष्मा पुसून त्यांनी फाइल उघडली.

“नियमाने समितीला वर्तमानपत्रं बघता येत नाहीत, चित्रफितीही नाहीत,” ते म्हणाले. “फक्त छापील कामकाज. या अधिवेशनाचं पान न् पान आम्ही तपासलं. हे उद्गार त्यात एकाच दिवशी, तीन वेळा आणि एकाच सदस्याच्या तोंडी आहेत.”

“बरोबर,” सिस्टर म्हणाली. आज पहिल्यांदाच तिने तोफेच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

सचिवांनी आदेशाचा कागद टेबलावरून पुढे सरकवला, वकीलबाईंपुढे. “सही करा, बाई. आजपासून एक वर्ष तुम्हाला सभागृहात येता येणार नाही.”