रक्तपिपासू सरदार, मुक्काम बेव्हर्ली पार्क

आमच्या बेव्हर्ली पार्क नावाच्या मोडकळीला आलेल्या बिल्डिंगीत दर रविवारी दुपारी मी शेजाऱ्यांना भुताटकीचा फाशांचा खेळ खेळवतो. गोष्ट मी सांगायची, त्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि घाबरायचं. पण घाबरतंय कोण!

किल्ल्यातल्या शवपेटीतून रक्तपिपासू सरदार उठला, तर सुलू म्हणते, "काका, किल्ला पाडला तर वन बीएचके किती निघतील हो?"

विपुल थेट सरदारालाच, "साहेब, अपना बिल्डर है, टेन्शन मत लो!"

मी वटवाघळं सोडली, रक्ताचा पाऊस पाडला. ही मंडळी भेळ खातायत! शेवटी वैतागून मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "बाकी सगळ्यांनी केली, तरी रीडेव्हलपमेंटच्या कागदावर मी सही करणार नाही."

सुलू पांढरीफटक पडली. "काका, हे सरदारच बोलला ना?"

"छे, मी बोललो," म्हणत मी फासे गोळा केले.